सावधान मास्तरांचा वेलगुलाब

रिटायर झाला की माणसाची खुर्ची जाते, शिक्का जातो, शिपाई सलाम करायचा थांबतो. खोड तेवढी मागं राहते. सावधान मास्तरांची खोड अशी, की जगात जे काही आडवं, तिरकं, कललेलं किंवा निवांत पडलेलं दिसेल ते उभं करायचं. सगळी नोकरी शाळेत कवायत शिकवण्यात गेली. पोरांना उन्हात उभं करायचं, आपण झाडाच्या सावलीत उभं राहायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, “सावधान!” पुढं ‘विश्राम’ म्हणायची त्यांना आठवण राहत नसे. पोरं तशीच ताठ. एखादं चक्कर येऊन कोसळायचं, तर मास्तर त्याच्या डोक्याशी जाऊन म्हणायचे, “रांगेत पडता येत नाही का रे तुला?”

नोकरी संपली, पोरं संपली, आवाज मात्र शिल्लक राहिला. तो कुठंतरी खर्च व्हायला हवा. मग मास्तर दूधवाल्यासमोरच्या रांगेत लोकांना हातभर अंतर घ्यायला लावू लागले. गल्लीतल्या कुत्र्यालाही त्यांनी एकदा सावधान दिलं. कुत्र्यानं शांतपणे एक पाय वर उचलला आणि मास्तरांच्या बुटावर उत्तर दिलं. घरात चपला टाचा जुळवून उभ्या, झाडू भिंतीला पाठ लावून उभा, फडताळात ताटं उभी, टोपलीत मुळेसुद्धा उभे. त्या घरात फक्त झोपणं आडवं चालायचं, तेही नाइलाज म्हणून.

घर दुमजली होतं. खाली मास्तर आणि मास्तरीणबाई, वर थोरला भाऊ आणि वहिनी. थोरला दवाखान्यात कंपाउंडर होता. औषधाच्या बाटल्या हलवून हलवून तो असा काही दमला होता, की नोकरी सुटल्यावर त्यानं स्वतः हलायचंच बंद केलं. वरच्या गॅलरीत आरामखुर्ची आणि आरामखुर्चीत तो. जेवायला उठायचा, पण ते जेवण आपल्याकडं येत नाही म्हणून. एक भाऊ सदा उभा, एक सदा आडवा. दोघं एकाच आईच्या पोटचे, हे त्या आईखेरीज कुणाला खरं वाटत नसे.

मास्तरीणबाईंचा दिवस मागच्या स्वयंपाकघरात जायचा. ओट्यासमोर गज लावलेली रुंद खिडकी होती. खिडकीतून काय दिसायचं, तर परसातली भांडी घासायची जागा, पलीकडच्या घराची पोपडे सुटलेली भिंत आणि त्या भिंतीवरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप. या घरात पाऊल टाकल्यापासून रोज तोच पाइप. लोकांच्या संसारात सुखदुःखं असतात, त्यांच्या संसारात पाइप होता. लेक लग्न होऊन लांब गेली. गुडघे धरले तसा बाहेरचा उंच पायऱ्यांचा जिनाही सुटला. वर जावेकडं जाऊन बसणं संपलं, राहिली ती खिडकी.

एकदा गुडघे दाखवायला त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं कुंपणावर वेलगुलाब पसरला होता. गुलाबी; पण बाजारातल्या शोभेच्या कागदासारखा भडक नव्हे, तान्ह्या पोराच्या टाचेसारखा. कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं घोसांनी लगडलेलं. नंबर पुकारला तरी बाई उठल्या नाहीत. परत निघताना त्यांनी माळ्याला गाठलं.

“दादा, एक फोक द्या ना कापून.”

“जगायचा नाही बाई. वेळ चुकलीय.”

“नाही जगला तर तुमचं काय जातंय? मरेल तो माझ्या घरी.”

माळी हसला आणि बोटाएवढा फोक कापून दिला. बाईंनी तो ओल्या रुमालात गुंडाळून आणला आणि बूड गळणाऱ्या बादलीत माती भरून लावला. तो जगला. मुळं धरली, तशी त्यांनी खिडकीच्या कोपऱ्याखाली आळं केलं आणि रोप तिथं हलवलं. वर गॅलरीत उभ्या असलेल्या जावेला म्हणाल्या, “आक्का, मला जास्त काही नको बघ. खिडकीवरून जाऊ दे फक्त. कांदा चिरताना डोळ्याला पाणी येतंच, मग समोर बघण्यासारखं काहीतरी असावं.”

एवढीच त्या बाईची मागणी. ती मास्तरांच्या कानावर गेली नसती, तर ही गोष्टही झाली नसती.

रोप गुडघ्याएवढं झालं आणि खिडकीच्या अंगाला जरा कललं. मास्तरांनी ते पाहिलं.

“हे काय लोळतंय इथं?”

“गुलाब आहे. वेलाचा. आडवा जाणार तो खिडकीवरून.”

“आडवा? अगं, आडवं झालेलं झाड म्हणजे पडलेलं झाड. काठी नको त्याला? कणा नको?”

“दवाखान्यात आडवाच होता, आणि केवढा फुललेला...”

“दवाखान्यात माणसंसुद्धा आडवीच असतात!”

या वाक्यावर ते स्वतः इतके खूश झाले, की पुढचा आठवडाभर भेटेल त्याला त्यांनी ते ऐकवलं. मग शाळेच्या अडगळीतून व्हॉलीबॉलच्या जाळीचा गंजका खांब आणला, आळ्यालगत खड्डा खणून रोवला, आणि गुलाब त्याच्याशी असा बांधला, की चोरालाही कुणी तसा बांधू नये. दर वितीवर सुतळी, सुतळीला गाठ, गाठीवर गाठ. बाजूनं धुमारा फुटला की मास्तर कात्री घेऊन हजर. “रांग सोडली!” की कच्चकन उडवलाच. खिडकीकडं झुकणारा तर एकही वाचला नाही. रोज सकाळी ते झाडासमोर उभे राहून त्याच्याकडं खालून वर बघत. झाडही बिचारं, दुसरं काय करणार? वाढायला एकच दिशा मोकळी ठेवली होती. ते वर गेलं.

बाई खिडकीतून बघत. आधी पाइप दिसायचा, आता पाइप आणि खांब दिसू लागले. मधून एक काटेरी दांडका गेलेला.

हंगाम आला तसा गुलाब फुलला. फुलला म्हणजे काय, नुसता लगडला! पण कुठं? खांबाच्या टोकाला. आणि खांबाचं टोक होतं बरोबर वरच्या गॅलरीच्या कठड्याशी. थोरल्या भावानं आरामखुर्चीतून नुसता हात लांब केला, तर घोस हातात. उठावंही लागलं नाही. देव द्यायला लागला, की आळशाच्या मांडीवर आणून ठेवतो.

“धाकट्या!” वरून हाक आली. “काय फुललाय रे! चहात पाकळ्या पडतायत माझ्या!”

मास्तरांनी परसात येऊन मान वर केली. “दादा, ते झाड माझं आहे!”

“हो की. मुळं तुझी, फुलं माझी. बापानं घराची वाटणी केली तशीच झाली बघ ही. तुला जमीन, मला आभाळ.”

“खत मी घालतो!”

“घाल, घाल. जरा जास्त घाल. उजवीकडचा घोस बारीक आहे.”

खाली बाईंच्या वाट्याला काय आलं, तर केर. सुकलेल्या पाकळ्या गळून परसात पडायच्या, आणि त्या बाई रोज सकाळी गुडघ्यावर हात ठेवून झाडून काढायच्या. वरून जाऊ दोरीला पिशवी बांधून दोन-चार फुलं खाली सोडायची. बाई ती पेल्यात ठेवायच्या. दुपारच्या गॅसच्या आचेनं ती संध्याकाळपर्यंत माना टाकत.

एका रात्री जेवताना त्यांनी धीर केला. “अहो, मी काय म्हणते, एखादा फोक तरी सोडा ना खिडकीवर.”

“सोडा? एकाला सोडलं की सगळे सुटतात. शिस्त म्हणजे काय ते तुला कळायचं नाही.”

“शिस्तीनं फुलं वर गेली ना पण.”

“खांब कमी पडला. आणखी उंच हवा.”

म्हणजे दुखणं पोटात आणि टोपी बदलायची. दुसऱ्या वर्षी मास्तरांनी खांबाला वरून बांबू जोडला. गुलाब गॅलरी ओलांडून थेट पत्र्यापर्यंत गेला. आता थोरल्याला दोन बाजूंनी फुलं आणि वर सावली. गल्लीतले लोक जिना चढून बघायला जाऊ लागले. “वा दादा, तुमचा गुलाब म्हणजे गुलाब!” असं म्हणू लागले. थोरला म्हणायचा, “काही नाही हो. मी तर काहीच करत नाही.” आणि हे अगदी खरं होतं.

‘तुमचा गुलाब’ हा शब्द जिन्यावरून गडगडत खाली आला आणि मास्तरांच्या टाळूत शिरला. एका शनिवारी त्यांनी परसात उभं राहून जाहीर केलं, वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, “माझ्या खतापाण्यावर दुसऱ्यांची चैन नको! उद्या शाळेत खेळांचं बक्षीस वाटप आहे, मला स्टेजवर बसवणार आहेत. ते उरकलं, की येऊन हे झाड मुळासकट उपटणार. कुदळ काढून ठेव गं!”

बाई ओट्याशी होत्या. हातातलं लाटणं हातात राहिलं. ज्या झाडाचं एक फूल त्या खिडकीनं अजून पाहिलं नव्हतं, ते झाड आता उपटायचं, कारण ते फुललं म्हणून! त्यांनी कुदळ काढून ठेवली. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालला. डोकं मात्र पहिल्यांदाच दुसरीकडं चाललं होतं.

रविवारी मास्तर कडक इस्त्रीचा सदरा, पांढरी विजार आणि पट्टा लावून, छाती काढून निघाले. कोपरा वळेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या. मग मागं फिरल्या, परसात गेल्या आणि हाक मारली, “आक्का! खाली ये गं, कात्री घेऊन! आणि दादांनाही आण!”

“त्यांना? ते उठले तर आधी डॉक्टर बोलवावा लागेल!”

पण थोरला उठला. झाड उपटलं तर सावली जाणार, हे त्याला खुर्चीतून सुद्धा कळत होतं. जिना उतरताना तो कठड्याला म्हणाला, “काय दिवस आलेत!” आणि खाली येऊन स्टूल धरायच्या कामावर लागला. स्टुलावर थोरली जाऊ, खाली बाई.

सुतळ्या सोडवायला गेल्या, तर एक गाठ सुटेल तर शपथ. सगळ्या कापाव्या लागल्या, आणि खाली तुकड्यांचा ढीग पडला. फोक खांबापासून सुटले, तसे सुटकेचा श्वास टाकून झुलले आणि पहिल्यांदा थोरल्याच्या टकलावर बसले.

“आई गं! अगं, रक्त आलं!”

“कंपाउंडर ना तुम्ही? बांधा पट्टी स्वतःला. स्टूल सोडाल तर बघा!”

जुना जाड फोक वाकवायला गेल्या, तर तो काडकन मोडला. मग बाई म्हणाल्या, “मोडू दे. तो त्यांचाच झालेला होता. कोवळे घे.” कोवळे वाकले. एकेक खिडकीच्या गजांवरून हळूहळू आडवा घातला, एक डावीकडं, दोन वरून, एक खालच्या गजावरून. आता बांधायचं कशानं? सुतळीचे तर बोटाबोटाएवढे तुकडे झालेले. चिंधी शोधली, ती कुजकी निघाली. बाई आत गेल्या. कपाटात मास्तरांचे पायजमे घडी करून उभे ठेवलेले होते. त्यांनी सगळ्यांच्या नाड्या ओढून काढल्या. सुती, रुंद, मऊ नाड्या. काट्याच्या झाडाला त्याहून चांगलं काही नाही. धुवायच्या बादलीतला पायजमाही सोडला नाही.

थोरली जाऊ स्टुलावरून हसता हसता पडायला आली. “अगं बये, हा माणूस आता चालणार कसा?”

“तीही शिस्तच आहे,” बाई म्हणाल्या. “एक हात कमरेवर.”

संध्याकाळी मास्तर परतले. स्टेजवर त्यांना कडेची खुर्ची मिळाली होती, आणि भाषण करायला सांगितलं नव्हतं. डोकं आधीच तापलेलं. विजार काढली, सदरा काढला, आंघोळीला गेले. तेवढ्यात बाईंनी ती विजार पट्ट्यासकट साबणाच्या पाण्यात बुडवली. आतून आवाज आला, “पायजमा दे!” बाईंनी दिला. “अगं, याची नाडी?” दुसरा दिला. “याचीही नाही!” तिसऱ्याला तर मास्तर नुसतेच ओरडले.

शेवटी डाव्या हातानं पायजमा मुठीत धरून आणि उजव्या हातात कुदळ घेऊन ते परसात आले. बघतात तो खांब नागडा, आणि गुलाब खिडकीवर आरामात लवंडलेला. जागोजागी पांढऱ्या नाड्यांची फुलपाखरं.

“हे... हे कुणी केलं?”

“मी,” खिडकीच्या आतून बाई म्हणाल्या.

मास्तरांनी कुदळ उचलली. कुदळ दोन हातांचं अवजार आहे. एका हातानं ती खांद्यापर्यंत गेली, आणि तिथून कुठं जायचं हे न कळून परत खाली आली. मग कुदळ टाकून त्यांनी एका नाडीला हात घातला. तिलाही दोन हात लागत होते.

“भाऊजी,” वरून वहिनी मायेनं म्हणाली, “दुसरा हात सोडाल तर सांगा हं. मी आत जाते.”

“सुतळी बांध की कमरेला,” थोरला पट्टीवर हात फिरवत म्हणाला. “दर वितीवर एक.”

मास्तरांचा आवाज सगळ्या गल्लीला माहीत होता. त्या दिवशी तो त्यांना स्वतःलाही सापडेना. ते खिडकीशी आले आणि दबक्या स्वरात म्हणाले, “नाड्या दे.”

“त्या झाडाच्या झाल्या. पेटीत नव्या आहेत.”

“मग घाल त्या.”

“घालते ना. पण झाडाला हात लावणार नाही म्हणा आधी.”

“तू मला अटी घालतेस? मी स्वतः घालीन!”

“घ्या, घाला.” बाईंनी पेटीतल्या नाड्या गजांमधून पुढं केल्या. मास्तर आत गेले, दार लावून बसले. उभ्या जन्मात हजारो पोरांना एका दोरीत चालवलेला माणूस, पण नेफ्यातून नाडी कशी ओवतात हे त्याला माहीत नव्हतं. नाडी चार बोटं आत जायची आणि गोळा होऊन बसायची. काठीनं ढकलली, काठी अडकली. पेन्सिल लावली, पेन्सिल आतच राहिली. दिवेलागण झाली. दूधवाल्याकडं जायची वेळ टळली. आतून एकेक शिवी येत होती. त्यातल्या काही नेफ्याला होत्या, काही थोरल्या भावाला. शेवटी दार किलकिलं झालं.

“नाही लावत हात,” मास्तर म्हणाले.

“मोठ्यानं म्हणा. आक्काला ऐकू आलं पाहिजे.”

“नाही लावत हात झाडाला!”

बाईंनी पायजमा घेतला, नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन टोचली आणि बोलता बोलता ओवून दिली. त्यातली पेन्सिलही काढून दिली.

मास्तरांनी शब्द पाळला. पाळला म्हणजे काय, रोज सकाळी ते परसाकडं पाठ करून दात घासू लागले. आडव्या पडलेल्या झाडाचं तोंड बघायचं नाही. पुढच्या हंगामाला त्या आडव्या फोकांवर पेरापेरावरच्या डोळ्यातून धुमारे फुटले. प्रत्येक धुमारा सरळ वर, प्रत्येकाच्या शेंड्याला घोस. खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी. पाइप गेला, भिंत गेली. परसात फुलांचा वास आणि मधमाश्यांचा गुंजार भरला. आणि एका सकाळी मास्तरांनी चूळ भरता भरता चुकून मान वळवली.

बराच वेळ ते बघत राहिले. आडव्या फोकावर धुमारे ओळीनं उभे होते, एकेक हात अंतर सोडून.

झालं! त्या दिवसापासून परसात माणसांची ये-जा सुरू झाली. मास्तर लोकांना खिडकीसमोर रांगेत उभं करायचे, छडीनं एकेक धुमारा दाखवायचे. “लोक काय करतात, वेलगुलाब खांबाला बांधतात. अडाणीपणा आहे! तो आडवाच घालायचा असतो. मग बघा, कसा ओळीनं उठतो. अहो, शिस्त शेंड्याला नाही लावायची, पायापासून लावायची. मी पहिल्यापासून घरात हेच सांगत होतो, पण बायकांना कुठं पटतंय?”

वरून थोरला काही बोलायला तोंड उघडायचा. वहिनी त्याच्या तोंडाला चहाचा कप लावायची. बाईंनीच सांगून ठेवलं होतं तिला, “बोलू दे आक्का. बोलत असले की बाहेर असतात.”

हे मात्र खरं होतं. पूर्वी मास्तर दर तासाला स्वयंपाकघरात येऊन डबे नीट करून जायचे. आता त्यांचा सगळा दिवस परसात, लोकांत. खिडकीवर गुलाब एवढा दाट झाला होता, की बाहेरून आतलं दिसत नव्हतं. आतून मात्र सगळं दिसत होतं, गुलाबी-गुलाबी. बाईंनी ओट्याशी एक उंच स्टूल आणून घेतलं. गुडघ्यांना बरं पडतं, असं सांगितलं. त्या स्टुलावर बसायच्या, कोपर ओट्यावर टेकायच्या, आणि गजातून आत घुसलेला एक घोस नाकाशी ओढून घ्यायच्या. एखादी मधमाशी आत यायची, डब्यांवरून फिरून बाहेर जायची. बाई तिला वाट करून द्यायच्या.

“अगं!” बाहेरून आवाज यायचा. “पाहुणे आलेत! चहा झाला का?”

“उकळतोय!” बाई म्हणायच्या. गॅस पेटलेला नसायचा. पातेलंही अजून फडताळात असायचं. घोस सोडून द्यायच्या, तो मागं जाऊन दुसऱ्या घोसावर आदळायचा, आणि चार पाकळ्या ओट्यावर पडायच्या. बाई त्या झाडायच्या नाहीत. थोडा वेळ तशाच बसायच्या.

“अजून किती?”

“नीट उकळू द्या की,” त्या आतून म्हणायच्या, आणि दुसरा घोस ओढून घ्यायच्या.